आडवी रांग

खैरवाडीच्या सभामंडपाचा स्लॅब पडला त्याला नऊ दिवस झाले होते, आणि सुकन्याला अजून कोणी काही विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, पंचनाम्याला आलेल्या इंजिनिअरनं नाही, गावानं तर नाहीच नाही. विचारायचं कारणच कोणाला दिसत नव्हतं. ती हिंगोलीत डिप्लोमाच्या पोरांना शिकवणारी बाई, आणि स्लॅब पडला तो साखऱ्याच्या पलीकडं, तिच्या वडिलांच्या गावात. पण त्याच्या तीन दिवस आधी वैजनाथ मिस्त्रीनं तिला फोन करून एक गोष्ट विचारली होती आणि तिनं उत्तर दिलं होतं. ते उत्तर चुकीचं होतं. त्यापायी वैजनाथची बायको सिंधूबाई जिवानिशी गेली होती, आणि हलगर्जीपणाचा गुन्हा वैजनाथवर लागला होता.

आता खरं तर यात विचार करण्यासारखं काही नाही. चूक ज्याची त्यानं उठावं, पोलीस ठाण्यात जावं आणि सांगावं. पण माणूस पहिला दिवस रडण्यात घालवतो, दुसऱ्या दिवशी चार माणसांचं ऐकतो आणि तिसऱ्या दिवसापासून त्याला गप्प बसण्याची कारणं सापडायला लागतात. सुकन्याकडं नवव्या दिवशी चांगली पाच-सहा कारणं जमली होती.

वर्गात मात्र या बाईचा दरारा होता. अभ्यासक्रमात नसताना ती दरवर्षी एक अख्खा तास एका गोष्टीवर घालवायची, आणि तो तिचा सगळ्यात लाडका तास. कुठलाही घन पदार्थ घ्या, ती म्हणायची. त्याला तीन दिशांनी ओढता-दाबता येतं आणि तीन तऱ्हांनी तिरकं सरकवता येतं. असा सहा प्रकारचा त्रास. तो उत्तरही सहा प्रकारांनी देतो, लांबतो-आखडतो तीन दिशांनी, तिरका होतो तीन तऱ्हांनी. कुठल्या त्रासाला कुठलं उत्तर किती, हे मांडायचं तर सहा सक छत्तीस आकडे लागतात. ऊर्जेच्या नियमानं त्यातले समोरासमोरचे सारखे निघतात, म्हणून राहतात एकवीस. एकवीस आकडे मोजत बसायचं तर जन्म पुरायचा नाही. मग माणूस पदार्थात आरसे शोधतो. एका पातळीवर आरसा धरला आणि अलीकडचं-पलीकडचं सारखंच निघालं, की आठ आकडे गळतात आणि तेरा उरतात. एकमेकांना काटकोनात तीन आरसे बसले तर नऊ. एखाद्या अक्षाभोवती कसंही फिरवलं तरी फरक पडत नसेल तर पाच. आणि ज्याला कशीही दिशा द्या, तो सारखाच, त्या लोखंडासारख्या पदार्थाला फक्त दोन.

मग ती टेबलावर सागाचा एक ठोकळा ठेवायची. हा नवाचा, म्हणायची. रेषांच्या लांबीनं याचा स्वभाव वेगळा, गाभ्याकडून सालीकडं जाताना वेगळा आणि वर्तुळांच्या कडेकडेनं तिसराच. लोखंडाचे दोन आकडे याला लावाल तर तोंडावर पडाल. पोरं माना डोलवायची आणि मनात म्हणायची, परीक्षेला तर दोनच विचारतात.

पोथीतली वांगी पोथीत राहतात म्हणतात ते खोटं नाही. फक्त आपण ते नेहमी दुसऱ्याच्या पोथीबद्दल म्हणतो.

खैरवाडीत मारुतीच्या देवळापुढं सभामंडप बांधायचं सुकन्याच्या वडिलांनी, अमृतरावांनी, मनावर घेतलं होतं. बायको गेल्यावर तिच्या नावानं गावाला काहीतरी द्यायचं म्हणून. चोवीस फूट रुंद, अठ्ठावीस फूट लांब, चारी बाजूंनी मोकळा. काम वैजनाथला दिलं, कारण या भागात त्याच्याइतका हाताचा सच्चा मिस्त्री दुसरा नव्हता. अमृतरावांचं राहतं घर त्यानंच बांधलेलं. सुकन्या फ्रॉकमध्ये होती तेव्हा वाळू चाळायला त्याच्या पुढ्यात बसायची. इंजिनिअर झाली तेव्हा गावभर पेढे वाटत फिरणाऱ्यांत तो पुढं होता. "आमच्या ताईला इचारा," हे त्याचं कोणत्याही वादातलं शेवटचं वाक्य असायचं.

मे महिन्यात सगळीकडं बांधकामं निघालेली. ओला स्लॅब खालून धरायच्या सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा सेनगावात मिळेनात, हिंगोलीत मिळेनात. शेवटी कळमनुरीहून भाड्यानं प्लाय आणला. आठ बाय चारचे तक्ते. वैजनाथचा सगळा जन्म लोखंडी प्लेटांवर गेला होता, प्लायवर स्लॅब टाकायची त्याची ही पहिलीच वेळ. म्हणून त्यानं आधी फोन करून खालचे वासे किती अंतरावर ठेवू ते विचारलं. सुकन्यानं हजेरीच्या कागदामागं गणित मांडलं आणि दोन फूट सांगितलं. ते गणित बरोबर होतं. तक्ता वाशांवर ज्या दिशेनं टाकायला हवा त्या दिशेनं टाकला, तर बरोबर होतं.

दुसरा फोन आला तेव्हा ती परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षणाला उभी होती. बाहेर येऊन दबक्या आवाजात बोलली. वैजनाथचं म्हणणं असं होतं, की आठ फुटी तक्त्याच्या तीन रांगा वाशांना काटकोनात बसल्या, चोवीस फूट भरलं. अठ्ठावीसातले राहिले चार. भाड्याचा माल कापता येत नाही. तेव्हा शेवटच्या रांगेचे तक्ते फिरवून आडवे टाकले तर बरोबर बसतात. आठ फूट वाशांच्या लांबीनं जातात, चार फूट काटकोनात येतात.

"चालंल का ताई?" त्यानं विचारलं.

"चालेल की काका. प्लाय सगळीकडून सारखाच असतो."

एवढं बोलून ती परत आत गेली. एका पोरानं मांडीवर चिठ्ठी ठेवली होती, ती पकडली.

प्लाय सगळीकडून सारखा नसतो. लाकडाचे पातळ पडदे एकावर एक चिकटवून तो करतात. एकाच्या रेषा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, पण वरचा आणि खालचा पडदा आठ फुटी लांबीनंच जातो आणि वाकताना बहुतेक भार त्या दोघांवर येतो. लांबीनं वाकवा, तो ताठ. रुंदीनं वाकवा, तो दुपटीहून जास्त ढिला आणि मोडायलाही हलका. फिरवलेल्या रांगेत तो रुंदीनंच वाकणार होता. लोखंडी प्लेटेला हा भेद ठाऊक नाही, ती कशीही टाका. लाकडाला आहे. तक्त्यालाही नऊच आकडे, आणि हे सुकन्यानं पंधरा दिवसांपूर्वीच फळ्यावर लिहिलं होतं, सागाचा ठोकळा पुढ्यात ठेवून.

स्लॅबच्या दिवशी सकाळी नारळ फुटला. दुपारपर्यंत बारा आणे काम उरकलं आणि मिक्सरमधला कालवलेला माल शेवटच्या रांगेवर पडू लागला. तेवढ्यात मिक्सरचा पट्टा तुटला. शेवटचा माल ढीग करून तिथंच टाकलेला, पसरायचा राहिलेला. एक जण मोटारसायकलवर पट्टा आणायला सेनगावला गेला. एरवी स्लॅब पुरा झाल्याशिवाय मालकानं कामावरच्यांना द्यायचं जेवण होत नाही. पण आता बसून काय करायचं, तोवर जेवून घ्या, असं अमृतरावच म्हणाले.

पुरुष मारुतीच्या ओट्यावर बसले, तिथं पिंपळाची सावली होती. बायका मारुतीच्या ओट्यावर चढत नाहीत. ती खैरवाडीची रीत आहे, कधीपासून ते कोणी सांगू शकत नाही आणि काहून ते कोणी विचारत नाही. मेच्या भर दुपारी त्या आवारात दुसरी सावली एकच होती, नव्या स्लॅबच्या खाली. शेवटच्या रांगेजवळ पाण्याची टाकी होती म्हणून त्या तिथं टेकूच्या बल्ल्यांच्या मधे बसल्या. आठ जणी, त्यांत सिंधूबाई आणि कामावरची पद्माबाईही. वरण, पोळी, वांग्याची भाजी आणि बुंदी.

पाऊण तास तो ढीग आडव्या तक्त्यांवर तसाच राहिला. मग एक तक्ता मोडला, त्यानं शेजारचा वासा पाडला, वाशानं बल्ली उडवली, आणि शेवटची पूर्ण रांग खाली आली. सहा जणी निसटल्या. पद्माबाईच्या खुब्याचा चुरा झाला. सिंधूबाईला काढायला लोकांना फावडी वापरता येईनात, हातांनी ओला माल उपसावा लागला. वैजनाथनं तो आपल्या हातांनी उपसला.

सुकन्या त्या संध्याकाळी गावी पोचली तेव्हा सिंधूबाईला दवाखान्यातून परत आणलं नव्हतं. मंडपापाशी एक मोडका तक्ता पडला होता. तिनं तो पाहिला, वरच्या रेषा कुठल्या दिशेनं गेल्यात ते पाहिलं, मोड कुठल्या दिशेनं आहे ते पाहिलं, आणि तिला तिथंच ओकारी आली. बायकांनी तिला धरून घरी नेलं. पोरीचं मन किती मऊ, असं त्या म्हणत होत्या.

अमृतरावांना तिनं त्याच दिवशी सांगितलं. ते दुष्ट माणूस नव्हते. वैजनाथच्या घरी धान्य त्यांनीच पाठवलं, जामिनाला माणूस त्यांनीच उभा केला, पद्माबाईला नांदेडला हलवायला गाडीही त्यांचीच गेली. पण त्यांनी विचारलं ते इतकंच, की असं काही कागदावर आहे का. नाही म्हणाल्यावर त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं.

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "वैजनाथ तुझं नाव घेऊन राहिला न्हाई. तू काहून घ्यावं?"

वैजनाथनं खरोखरच नाव घेतलं नव्हतं. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा त्यानं सांगितलं, प्लाय मीच आणला, मीच बसवला, कोणाला विचारलं नाही. पंचनाम्याच्या इंजिनिअरनं लिहिलं, सदोष सेंट्रिंग, मिस्त्रीचा निष्काळजीपणा. तो बिचारा चुकीचं लिहीत नव्हता. त्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं लिहिलं.

हिंगोलीला परतल्यावर सुकन्यानं एक काम केलं. मोडक्या तक्त्याचा एक तुकडा तिनं गाडीच्या डिकीत घालून आणला होता. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये त्यातून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापून घेतल्या, एक लांबीच्या रेषांनी, दुसरी आडवी. दोन स्टुलांवर आळीपाळीनं ठेवून दोन्हींच्या मध्यावर एकच वजन टांगलं. पहिली नऊ मिलिमीटर वाकली, दुसरी चोवीस. मग तिनं ज्या पुस्तकातून दोन फुटांचं गणित केलं होतं ते काढलं. त्यातल्या कोष्टकाच्या माथ्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, की हे आकडे पृष्ठाच्या रेषांना समांतर दिशेचे आहेत. त्या ओळीखाली तिनं स्वतःच कधीतरी पेन्सिलीनं रेघ मारलेली होती.

न कळण्याची तरी एक सोय असते. माणूस म्हणू शकतो, मला ठाऊक नव्हतं, मी अडाणी. तिला तेवढंही उरलं नव्हतं. तिला कळत होतं, तिनं शिकवलं होतं, त्यावर रेघ मारली होती. फक्त फळ्यावरचं लाकूड आणि खैरवाडीच्या मारुतीपुढचं लाकूड एकच आहे, हे त्या दोन मिनिटांत तिच्या डोक्यात आलं नाही. वैजनाथच्या तोंडून प्रश्न आला की तो तिला साधा वाटायचा. त्याला साधंच उत्तर द्यायची तिला सवय होती, आणि तो ते डोक्यावर घ्यायचा याची तिला गोडी होती. हे शेवटचं तिनं स्वतःशी कबूल केलं ते आठव्या दिवशी.

नवव्या दिवशी तिनं गाडी काढली. नरसीच्या रस्त्याला लागल्यावर दोनदा थांबली. एकदा पाणी प्यायला थांबली, दुसऱ्यांदा उगीचच. नोकरी जाणार हे तिला माहीत होतं. पेपरात नाव येणार, अमृतराव तोंड फिरवणार, गुन्हा आपल्यावर येणार हेही. पण आज सांगितलं नाही तर पुढं कधीच सांगणार नाही, इतकी ती स्वतःला ओळखून होती. तिनं ठरवलं, की आधी वैजनाथला सांगायचं आणि तिथूनच पोलीस ठाण्यात जायचं.

वैजनाथचं घर गावाच्या टोकाला. दुसऱ्यांची पक्की घरं बांधणाऱ्याचं स्वतःचं पत्र्याचं होतं. पडवीत तो भिंतीला टेकून बसला होता. हातांना सिमेंटनं जागोजाग खाल्लेलं, त्यावर हळद लावलेली. सोळा वर्षांची निता, त्याची मुलगी, चुलीपाशी होती. दहावीची परीक्षा दिली होती आणि पुढं डिप्लोमाला सुकन्याच्याच कॉलेजात घालायचं म्हणून बाप-लेकीनं वर्षभर मनात धरलं होतं. निता पाणी घेऊन आली, ते ठेवलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. जा म्हणायची सुकन्याला हिंमत झाली नाही.

तिनं सगळं सांगितलं. फोन, आडवी रांग, रेषा, दोन पट्ट्या, नऊ आणि चोवीस. पुस्तकातल्यासारखं सांगायचं नाही असं ठरवूनही ते तसंच बाहेर पडलं, कारण तिला दुसऱ्या रीतीनं बोलता येत नव्हतं. शेवटी म्हणाली, की मी आत्ता ठाण्यात चालले आहे. तुम्ही विचारलं होतं आणि मी चालेल म्हणाले होते, असं लिहून देते. तुमच्यावरचा आळ जाईल.

वैजनाथ जमिनीकडं पाहत होता. त्यानं तिला लगेच नको म्हटलं. तो म्हणाला, की तुमचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही. या गावात इंजिनिअर झालेली पोरगी एकच. तिच्या हातून माणूस मेलं असं झालं तर उद्या कोण आपली पोरगी शिकायला धाडील. लोक म्हणतील, बघा, बाईमाणसाला विचारलं आणि बाईमाणूस मेलं. निताचा विचार केला मी, म्हणाला. हे सारं तो आवाज न चढवता, पूर्वी सिमेंट-वाळूचं प्रमाण सांगायचा तसं सांगत होता.

मग त्यानं मान वर केली.

"मला तुमच्याकडून एकच पाहिजे ताई. तुमाला ठावं नव्हतं, येवढं सांगा. म्हणजे असं काही असतं हे कोणालाच ठावं नव्हतं, असं मी धरून चालतो."

सुकन्याला त्याच्या मनात काय आहे ते कळेना. तेव्हा तो फोडून सांगू लागला.

त्यानं सांगितलं, की तिला फोन करायच्या आधी तो त्या फिरवलेल्या तक्त्यावर उभा राहिला होता. तीस वर्षं सेंट्रिंगवर चालणाऱ्या माणसाच्या पायाला जे कळायचं ते कळलं. पहिल्या तीन रांगा पायाखाली मुक्या होत्या. चौथी पाय टाकला की खाली जायची आणि पाय उचलला की परत वर यायची. हे बराबर नाही असं त्याच्या पायानं त्याला सांगितलं. म्हणून तर फोन केला. वासे एक फुटावर घ्यायला त्याच्याकडं लाकूडही होतं, माणसंही होती, अर्ध्या दिवसाचं काम. पण ताई म्हणाली सारखंच असतं. मग पायाचं काय ऐकायचं, ताई शिकलेली.

"म्हणून इचारून राहिलो," तो म्हणाला. "तुमाला ठावं नसंल तर माझ्या पायाचा तो नुसता भास. मग मी आज ना उद्या जेवीन तरी."

त्याला काय हवं होतं ते आता उघड होतं. एक खोटं वाक्य. सुकन्याला ते सहज बोलता आलं असतं, आणि तिला स्वतःलाही ते सोयीचं होतं. शास्त्र मोठं किचकट आहे काका, आम्हालाही सगळं कळत नाही. एवढं म्हटलं असतं तरी त्यानं हात जोडले असते. दया म्हणूनही ते खपून गेलं असतं. कितीतरी लोक असं खोटं बोलतात आणि त्यांना झोपही लागते.

"मला ठाऊक होतं काका," ती म्हणाली. "मी ते दरवर्षी शिकवते. या वर्षीही शिकवलं होतं."

बाहेर कोणाच्या तरी शेळ्या ओरडत रानातून परत येत होत्या.

"मग आपल्या दोघांलाबी ठावं व्हतं," वैजनाथ म्हणाला.

"आईलाबी."

निता बोलली होती. ती चौकटीपासून हलली नव्हती. वैजनाथनं तिच्याकडं पाहिलं नाही, पण सुकन्यानं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिला कळलं, की पुढं जे येणार आहे ते त्याला माहीत आहे आणि नऊ दिवस तो त्याचीच वाट पाहत बसला आहे.

निता त्या दिवशी पंगतीत वाढायला होती. तिनं सांगितलं ते असं. आईच्या ताटात वरून सिमेंटचं पाणी ठिबकलं. आईनं ताट सरकवलं, वर पाहिलं. तेवढ्यात बाबा मिक्सर बघायला तिथून चालले होते. आई त्यांना म्हणाली, अहो, या तक्त्याचं पोट सुटून राहिलं बघा, ह्या बाकीच्यांचं तसं न्हाई. बाबांनी वर पाहिलं आणि म्हणाले, ताईला इचारलंय मी, सारखंच असतं, तू जेव. आई मग परत जेवायला लागली. नितानं तिला बुंदी वाढली आणि मीठ संपलं म्हणून घराकडं गेली. तिला मंडपाच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंतच काय तो वेळ मिळाला.

"तुमी दोघं जाणते," निता म्हणाली. कोणाकडं पाहून म्हणाली ते कळलं नाही. "ती शिकलेली न्हाई म्हणून तुमचं ऐकून बसली."

सुकन्यानं तिला जवळ घ्यायला हात पुढं केला. पोरीनं तो घेतला नाही. चुलीपाशी जाऊन ती भाकरी थापू लागली, कारण संध्याकाळ झाली होती आणि घरात आता दुसरं कोणी नव्हतं.

वैजनाथ उठला. खुंटीवरचा सदरा अंगात घातला, हळदीच्या हातांनी बटणं लागेनात म्हणून तशीच सोडली. सुकन्याला वाटलं तो कुठं बाहेर चालला. तो म्हणाला, चला, मीबी येतो, माझा जबाब खोटा दिलाय मी. तिनं नको म्हणून पाहिलं. तुमच्यावरचं निघायच्या ऐवजी वाढेल, म्हणाली. ती गाडीकडं निघाली तसा तो मागं मागं आला.

ठाण्यात हवालदार होता. दोघांना एकत्र पाहून तो चक्रावला. बाईंनी आपलं म्हणणं सांगितलं आणि त्यानं ते लिहून घेतलं, मधेमधे लेखणी थांबवून विचारत, मॅडम, नक्की असंच लिहायचं ना. 'मला याची कल्पना नव्हती' असं तो आपणहून लिहायला लागला होता, ते तिनं खोडायला लावलं आणि 'कल्पना होती' असं लिहवून घेतलं. मग वैजनाथनं पायाचं सांगितलं, फोनचं सांगितलं, वासे जवळ घ्यायला लाकूड शिल्लक होतं तेही सांगितलं. एवढं झाल्यावर हवालदारानं सहीसाठी कागद पुढं सरकवला.

वैजनाथनं कागद परत त्याच्याकडं लोटला. अजून एक लिहायचं राहिलं, म्हणाला. सिंधूबाई वैजनाथ हिनं तक्ता खाली येऊन राहिला आहे असं स्लॅब पडण्याअगोदर तोंडानं सांगितलं होतं, तिच्या नवऱ्याला, आणि नवऱ्यानं ऐकलं नाही.

हवालदार चांगला माणूस होता. त्यानं लेखणी खाली ठेवली आणि समजुतीनं सांगितलं, की मिस्त्री, याची काही गरज नाही, हे उलट तुमच्याच गळ्याशी येईल. आणि त्यांचं नाव पंचनाम्यात आहेच की. मयताच्या रकान्यात.

"त्या रकान्यात नगं," वैजनाथ म्हणाला. "जाणकाराच्या रकान्यात लिहा."

असा रकाना नाही, हवालदार म्हणाला. वैजनाथनं मान हलवली, पण हात मागं घेतला नाही आणि सहीही केली नाही. शेवटी हवालदारानं ते वाक्य जबाबाच्या तळाशी, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं, आणि मग दोघांनी सह्या केल्या.